साम्राज्याची भाषा आणि कारस्थानाचे वाचन : ‘अ मेमरी कॉल्ड एम्पायर’ या कादंबरीच्या निमित्ताने

‘कारस्थान’ हा शब्द आजच्या मराठीत बहुधा निंदाव्यंजकच वापरला जातो. इतिहासलेखनात मात्र ‘बारभाईंचे कारस्थान’ हा शब्दप्रयोग आपण आदराने उच्चारतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर रघुनाथरावांना सत्तेवरून दूर सारून, १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालवण्याची जी जुळवाजुळव पुणे दरबारच्या मुत्सद्द्यांनी केली, तिचे हे नाव. त्याच खुनाशी निगडित असलेली ‘ध चा मा’ ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ‘धरावे’ या शब्दातील एक अक्षर बदलून ‘मारावे’ असे केले गेले आणि त्या एका अक्षराने पेशवाईचा इतिहास बदलला, असे लोकपरंपरा सांगते. आख्यायिकेच्या सत्यतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु तिच्यात अभिप्रेत असलेली कल्पना लक्षणीय आहे. कारस्थान तलवारीच्या आधी कागदावर घडते आणि जो कागद वाचू शकतो, किंवा चुकीचा वाचू शकतो, त्याच्या हाती सत्तेची किल्ली असते. पोरवयाचा वारस, त्याच्याभोवती जमलेले मुत्सद्दी आणि अक्षरात दडलेला मृत्यू ही तिन्ही सूत्रे आर्काडी मार्टिन यांच्या ‘अ मेमरी कॉल्ड एम्पायर’ (२०१९) या विज्ञानकादंबरीत पूर्णतः स्वतंत्रपणे आलेली आहेत. येथे प्रभावाचा प्रश्न अर्थातच उद्भवत नाही. मराठी वाचकाला या कादंबरीत शिरण्यासाठी एक ओळखीचे दार सापडते, एवढाच या नोंदीचा हेतू.

आंतरतारकीय साम्राज्यावरील कादंबऱ्यांविषयी एक जुना आक्षेप आहे. या कादंबऱ्या म्हणजे अवकाशयानात बसवलेला ऐतिहासिक दरबार होय. राजे, सरदार, विषप्रयोग, हेर हे सारे जुन्या अद्भुतरम्य कथेतून उचललेले असते आणि विज्ञान केवळ नेपथ्यापुरते उरते, असा तो आक्षेप. तो सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. परंतु या साहित्यप्रकारात राजकीय कारस्थान वारंवार का येते, याचे एक कारण त्याच्या आशयातच आहे. ताऱ्याताऱ्यांवर पसरलेले राज्य कोणाही एका माणसाच्या दृष्टीच्या कक्षेत मावत नाही. प्रजा सम्राटाला पाहत नाही, सम्राट प्रजेला पाहत नाही. अशा राज्याचे अस्तित्व बातमी, आज्ञापत्र, नकाशा, वंशावळ आणि स्तुतिकाव्य यांच्या रूपानेच जाणवते. मार्टिन यांच्या कादंबरीत तर एका सूर्यमालेतून दुसरीकडे जाण्यासाठी ठरावीक प्रवेशद्वारांतूनच जावे लागते आणि निरोपही त्याच वाटेने न्यावा लागतो. म्हणजे टपाल ज्याच्या हाती, राज्य त्याच्या हाती. साम्राज्य मुख्यतः संहितांचेच बनलेले असेल, तर त्यातील सत्तासंघर्षही संहितांभोवतीच होणार. या मर्माकडे पूर्वसूरींनी कसे पाहिले, ते आधी थोडक्यात पाहू.

आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ मालिकेला गिबनच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासेतिहासाची प्रेरणा आहे, हे सर्वज्ञात आहे. ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ (१९५२) या पुस्तकाच्या पूर्वार्धात बेल रिओस हा पराक्रमी सेनापती फाउंडेशनवर चालून येतो. त्याला रोखण्यासाठी दोन माणसे सम्राटापर्यंत पोहोचण्याची धडपड करतात, लाच देतात, कागदपत्रे मिळवतात. आणि यातले काहीही उपयोगी पडत नाही. तरीही रिओस परत बोलावला जातो व त्याला मृत्युदंड होतो. कारण दुबळ्या सम्राटाच्या काळात समर्थ सेनापती बाहेर स्वारी करण्याऐवजी सिंहासनावर डोळा ठेवतो आणि समर्थ सम्राट यशस्वी सेनापतीला सहन करत नाही. जस्टिनियन आणि बेलिसारियस यांची छाया येथे स्पष्ट आहे. असिमॉव्ह यांच्या या कथेत कारस्थान हा एक भ्रम आहे. माणसे कट करत राहतात आणि इतिहासाचा नियम त्यांच्या डोक्यावरून आपले काम करून जातो. कथेच्या दृष्टीने ही धाडसी गोष्ट होती. परंतु तिची किंमत अशी की, कोणाचे बोलणे कोणाला कसे कळले, याला फारसे महत्त्व उरत नाही.

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’मध्ये (१९६५) सम्राट, सरदारघराण्यांची सभा आणि अवकाशवाहतुकीची मक्तेदारी असलेला संघ अशा तीन पायांवर सत्ता तोललेली आहे. सम्राट आपले सैनिक शत्रुघराण्याच्या गणवेशात पाठवून अट्रायडीझ घराण्याचा नाश घडवतो. मात्र विश्वासघात कोण करणार, हे राजकन्या इरुलानच्या ग्रंथांतील उताऱ्यांद्वारे वाचकाला आधीच कळलेले असते. रहस्यभेदाचा आनंद लेखकाने जाणूनबुजून सोडून दिला आहे. वाचक कट उलगडत नाही, तो शोकांतिकेच्या प्रेक्षकासारखा त्याची वाट पाहतो. शिवाय प्रत्येक प्रकरणाच्या शिरोभागी भावी इतिहासकाराचा उतारा असल्यामुळे घडणारी गोष्ट घडण्यापूर्वीच ‘इतिहास’ झालेली असते. सत्तेचा आणि लेखनाचा संबंध हर्बर्ट यांना उमगलेला होता यात शंका नाही. परंतु तो त्यांनी कथानकाच्या चौकटीवर ठेवला, पात्रांच्या हातात दिला नाही.

मार्टिन यांनी तो पात्रांच्या हातात दिला, असे माझे प्रतिपादन आहे. त्यांच्या कादंबरीत कारस्थान ही मुळात वाचनाची क्रिया आहे. आणि ते वाचणारी व्यक्ती परकी, परंतु साम्राज्याच्या साहित्यावर मनापासून प्रेम करणारी आहे. येथे कादंबरी तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाच्या अगदी अंगणात येऊन उभी राहते.

कथानकाची रूपरेषा अशी. तेश्कलान हे आंतरतारकीय साम्राज्य. त्याच्या सीमेवर ल्सेल नावाचे, सुमारे ३०,००० लोकवस्तीचे, खाणकामावर जगणारे स्वतंत्र अवकाशस्थानक. तेश्कलानच्या राजधानीने अचानक नवा वकील मागवल्यामुळे माहित द्झमारे ही तरुणी तेथे जाते. (नायिकेचे नाव मराठी कानाला ‘माहीत’ असे ऐकू येते हा निव्वळ योगायोग, पण जिला नेमके काय माहीत असायला हवे तेच माहीत नाही, अशा नायिकेच्या बाबतीत तो योगायोग मौजेचा खराच.) ‘वकील’ हा शब्द मी येथे जुन्या मराठी अर्थाने, म्हणजे परदरबारी राहणारा प्रतिनिधी या अर्थाने वापरतो आहे. तिचा पूर्वसूरी इस्कांद्र आगाव्न मरण पावला आहे. तो कसल्याशा पदार्थाच्या वावड्याने गेला, असे अधिकृतरीत्या सांगण्यात येते. प्रत्यक्षात त्याचा खून झाला आहे. तो कोणी व का केला, याचा शोध आणि वृद्ध सम्राटाच्या वारसाहक्काचा पेच हे दोन धागे एकमेकांत गुंफत कादंबरी पुढे जाते.

ल्सेलजवळ एक गुपित आहे. मनुष्यबळ मोजकेच असल्यामुळे एका पिढीचे कौशल्य वाया जाऊ नये म्हणून तेथे ‘इमागो’ नावाचे यंत्र विकसित झाले आहे. मृताच्या स्मृती आणि व्यक्तित्व त्यात नोंदलेले असते आणि ते उत्तराधिकाऱ्याच्या मेंदूच्या तळाशी बसवले जाते. माहितच्या मस्तकात इस्कांद्र आहे, पण पंधरा वर्षे जुना. त्यानंतर राजधानीत त्याने काय केले, हे त्या नोंदीला ठाऊक नाही. स्वतःचे प्रेत पाहताक्षणी तर ती नोंद गप्पच होते. वाचनाच्या परिभाषेत बोलायचे तर नायिकेच्या हाती भाष्यग्रंथ आहे, पण तो अपुरा आहे. आणि मूळ ग्रंथ उघडताच भाष्याची पाने कोरी होतात. हे यंत्र बिघडवण्यामागे ल्सेलच्याच वारसा-खात्याच्या सभासदाचा हात असावा, हे पुढे कळते. ज्या पदाने आपल्या समाजाची स्मृती राखावी, त्याच पदाने ती मोडावी, हा उपरोध लेखिकेने कोठेही उच्चारून दाखवलेला नाही.

तेश्कलानमध्ये माणसांची नावे एक संख्या व एक वस्तू मिळून होतात. सम्राट सिक्स डायरेक्शन (‘सहा दिशा’), त्याची विश्वासू सल्लागार नाइन्टीन अॅड्झ (‘एकोणीस वाकस’, सुताराचा वाकस), बंडखोर सेनापती वन लाइटनिंग (‘एक वीज’), सम्राटाचा नव्वद टक्के प्रतिरूप असलेला दहा वर्षांचा वारस एट अँटिडोट (‘आठ उतारा’). या नामपद्धतीमागे मेसोअमेरिकेतील दिनगणनेवरून नाव ठेवण्याची परंपरा आहे. काही पदनामेही अॅझटेकांच्या नाहुआतल भाषेवरून घडवलेली आहेत. उलट माहितची संपर्क अधिकारी थ्री सीग्रास (‘तीन सागरतृणे’) ज्या हुद्द्यावर आहे, तो सरळ बायझँटाइन सचिवालयातून आलेला आहे. सैन्याने आपल्या सेनापतीचा सम्राट म्हणून जयघोष करावा आणि त्या जयघोषालाच वैधता यावी, ही वन लाइटनिंगच्या बंडामागची रीतही रोमन-बायझँटाइन आहे. लेखिका स्वतः बायझँटाइन इतिहासाच्या अभ्यासक असल्याने हा मेळ वरवरचा राहिलेला नाही.

या दरबारात पत्रव्यवहार संकेतलिपीत चालतो आणि त्या संकेताची किल्ली बहुधा एखाद्या प्रचलित कवितेत असते. गुप्तता हा तिचा खरा उद्देश नाही. शिकलेल्या प्रत्येकाला ती सोडवता येतेच. ज्याला ती कविता पाठ नाही, तो आपोआप बाहेर राहतो, हा तिचा उद्देश. माहितने ल्सेलवर राहून या भाषेच्या परीक्षा दिल्या आहेत, तेथील महाकाव्ये वाचली आहेत आणि मनात त्याच छंदांत मात्रा मोजण्याची तिला सवय आहे. तरीही प्रासादातील काव्यवाचनाच्या मेजवानीत एक कवी बाहेरून आणलेल्या फुलांवर चार ओळी म्हणतो, सभा क्षणभर स्तब्ध होते आणि माहितला शब्द न् शब्द कळूनही ती स्तब्धता कळत नाही. वारसाहक्क सांगणाऱ्या थर्टी लार्कस्पर या उमरावाचे अनुयायी जांभळ्या फुलाची खूण छातीवर लावतात. त्याची संपत्ती दूरच्या प्रांतांतून येते. फुलांची प्रतिमा म्हणूनच एकाच वेळी अलंकार, टीका आणि इशारा आहे. परभाषेतील साहित्य शिकलेल्या प्रत्येकाने हा क्षण अनुभवला असेल. व्याकरण आपले असते, कोश आपला असतो, हशा मात्र आपल्याला उशिरा कळतो.

मला या प्रसंगाचे महत्त्व कथानकाहून अधिक वाटते. व्यंजना ही संस्कृत काव्यशास्त्राने काव्याचा आत्मा म्हणून प्रतिष्ठित केलेली शक्ती. येथे ती राज्यशास्त्राचा भाग झालेली आहे. वाच्यार्थ सर्वांसाठी खुला असतो, त्यामुळे त्यावर कोणालाही शिक्षा करता येत नाही. व्यंग्यार्थ फक्त सहृदयाला कळतो. ‘सहृदय’ हा शब्द आपण निरागसपणे वापरत आलो आहोत. पण त्याच्याभोवती नेहमीच एक कुंपण असते. वंश, शिक्षण, सहवास यांनी जो घडला तो सहृदय. तेश्कलानच्या दरबारात हे कुंपण उघडेच दिसते, कारण त्याला लागूनच सैन्य उभे आहे.

कादंबरीच्या उत्तरार्धात पारडे फिरते. राजधानीत बंडाची धामधूम माजलेली असताना माहित आणि थ्री सीग्रास माहिती मंत्रालयात अडकून पडतात. तेव्हा त्या दोघी मिळून एक कविता रचतात आणि ती उघड वार्तावाहिनीवर प्रसिद्ध करतात. लाखो लोक ती कविता म्हणून वाचतील, ज्यांना वाचायला हवी ते ती सुटकेची हाक म्हणून वाचतील. परकी मुलगी येथे प्रथमच वाचक न राहता लेखक होते; आणि ती ज्या भाषेत लेखक होते, ती भाषा तिच्या लोकांना गिळू पाहणाऱ्यांची आहे. मुटकुळे बांधून कोठडीत कोंडलेल्या नायिकेने खिडकीतून पळावे, ही जुन्या साहसकथेची रीत. येथे ती एका वृत्तातून निसटते.

कायद्याचा अर्थ लावण्याचा प्रसंगही याच जातीचा आहे. सम्राटाने ल्सेलच्या दिशेने विस्तारयुद्ध जाहीर केले असताना न्यायखात्याची प्रमुख एट लूप त्या युद्धाच्या वैधतेवर जाहीर शंका घेते. सीमा निर्धास्त असल्याशिवाय नव्या प्रदेशावर चालून जाणे योग्य ठरत नाही, हा तिच्या निवेदनाचा आशय. वाचणाऱ्या इतरांना त्यात केवळ दोन वारसांमधली चढाओढ दिसते. माहितला त्यात एक मोकळी जागा दिसते. सीमेपलीकडे मानवेतर, अनाकलनीय शत्रू वावरत असल्याचे पुरावे ल्सेलच्या दार्ज ताराट्स या सभासदाने तिला पाठवलेले असतात. ते योग्य वेळी योग्य कानावर घातले, तर साम्राज्याचे तोंड ल्सेलवरून वळवता येईल. तसे ती वळवते. वृद्ध सम्राट सूर्यमंदिरात सर्वांसमक्ष आत्मबलिदान करतो आणि बालवारस वयात येईपर्यंत राज्य नाइन्टीन अॅड्झच्या हाती सोपवतो. येथे बारभाईंची आठवण येणे मराठी वाचकाला टाळता येणार नाही.

इस्कांद्रच्या मृत्यूचे कारण मात्र यापेक्षा गडद आहे. ल्सेल गिळले जाऊ नये म्हणून त्याने सम्राटाला इमागो-यंत्र देऊ केले होते. ते बसवले की मरणारा सम्राट आपल्या बालप्रतिरूपाच्या देहात राहिला असता, आणि साम्राज्याला कधीच न मरणारा राजा लाभला असता. विज्ञान मंत्री टेन पर्लने विष दिले आणि नाइन्टीन अॅड्झने ते होऊ दिले. सम्राटावर आणि इस्कांद्रवर, दोघांवरही जिचे प्रेम होते, तीच व्यक्ती या खुनात सामील असावी, याला कारण त्या मुलाचे उद्याचे आयुष्य. मारेकऱ्यांची बाजू इतकी समर्थनीय वाटते की खून उघडकीस आल्यावर वाचकाला न्याय झाल्याचे समाधान मिळत नाही. आणि ज्याचा खून झाला, त्याने आपल्या समाजाचे सर्वांत जिव्हाळ्याचे गुपित विकायला काढले होते, हेही विसरता येत नाही. त्याने ते विकले ते ल्सेल वाचवण्यासाठी, की राजधानीत राहता यावे म्हणून? कादंबरी या दोन हेतूंमध्ये रेघ ओढत नाही. मला वाटते, इस्कांद्रलाही ती ओढता आली नसती.

या प्रश्नाचे मूळ इतिहासात आहे. बायझँटाइन साम्राज्याने आनी हे छोटे आर्मेनियन राज्य १०४५ मध्ये ताब्यात घेतले, त्या घटनेतून ही कादंबरी सुचल्याचे लेखिकेने स्वतः सांगितले आहे. आर्मेनियन धर्मपीठाचा प्रमुख पेत्रोस गेतादार्ज हा त्या प्रकरणातील मध्यस्थ. राजा होव्हान्नेस-स्म्बात याने आपल्या मृत्यूनंतर राज्य सम्राटाकडे जाईल असे वचन दिले होते, ती बोलणी १०२२ मध्ये पेत्रोसमार्फतच झाली. पुढे गागिक दुसरा या तरुण राजाला कॉन्स्टँटिनोपलला बोलावून तेथेच अडकवले गेले, आणि नगर साम्राज्याच्या स्वाधीन झाले. अवघ्या १९ वर्षांनी, १०६४ मध्ये, ते सेल्जुकांनी जिंकले. पेत्रोसला देशद्रोही म्हणावे, की हरलेल्या डावातले शेवटचे मोहरे? इस्कांद्रच्या व्यक्तिरेखेत हीच द्विधा उतरली आहे. फरक असा की पेत्रोसला आपल्या मृत्यूनंतर उत्तराधिकाऱ्याच्या डोक्यात बसून स्वतःचा बचाव करण्याची सोय नव्हती.

येथे एका मराठी वकिलाचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे राहिले. त्यांच्या मुक्कामातच प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीस वारले आणि १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. म्हणजे ज्यांच्या वतीने बोलायचे ते राहिले नाहीत, ज्यासाठी बोलायचे ते राज्यही राहिले नाही, तरी वकील राजधानीत बोलतच होता. साम्राज्याच्या राजधानीत छोट्या राज्याच्या प्रतिनिधीने काय करावे, याचा हा आपल्या इतिहासातील नमुना. रंगो बापूजींनी साम्राज्याचाच कायदा, त्याच्याच सभागृहापुढे, त्याच्याच न्यायबुद्धीला आवाहन करून वापरून पाहिला. त्यांना यश आले नाही. माहितला यश येते. आणि नेमके या यशाबद्दल मला काही आक्षेप नोंदवायचे आहेत.

पहिला आक्षेप असा की ल्सेल वाचते ते दुसऱ्या कोणावर तरी युद्ध लोटून. सीमेपलीकडचा शत्रू या कादंबरीपुरता केवळ नकाशावरचा बिंदू आहे. त्याला भाषा नाही, चेहरा नाही. ‘तू’ या सर्वनामाची व्याप्ती तेश्कलानी भाषेत किती, या प्रश्नाभोवती कादंबरीचा सारा नैतिक विचार फिरतो. आणि नायिका स्वतः मात्र एका संपूर्ण जीवजातीला त्या सर्वनामाबाहेर ठेवून आपला डाव जिंकते. लेखिकेला याची जाणीव असावी. कारण पुढील भाग, ‘अ डेसोलेशन कॉल्ड पीस’ (२०२१), त्याच परक्यांशी संवाद शक्य आहे का या प्रश्नाला वाहिलेला आहे, आणि त्याचे शीर्षक टॅसिटसने कॅल्गाकसच्या मुखी घातलेल्या रोमविरोधी भाषणाकडे बोट दाखवते. या दोन्ही कादंबऱ्यांना अनुक्रमे २०२० आणि २०२२ चे ह्यूगो पुरस्कार मिळाले. तथापि पहिली कादंबरी स्वतंत्रपणे वाचणाऱ्याला ही त्रुटी जाणवतेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर वाटतो. तेश्कलानच्या भाषेत ‘जग’, ‘नगर’ आणि ‘साम्राज्य’ यांना एकच शब्द आहे. कादंबरीही काही अंशी या शब्दाच्या अधीन झालेली आहे. राजधानीबाहेरचे तेश्कलान जवळजवळ दिसत नाही. जिंकलेल्या ग्रहांवरील लोक कोणत्या भाषा बोलत होते, त्यांच्या कवितांचे काय झाले, याचा पत्ता लागत नाही. ल्सेलचीही स्वतःची भाषा आहे. पण तिच्यातले काव्य, तिच्यातल्या शिव्या, तिच्यातली अंगाईगीते आपल्या कानी जवळजवळ पडत नाहीत. माहितच्या मनात जे काही सुंदर उमटते ते तेश्कलानी वृत्तात उमटते. नायिकेच्या मनाची ही झालेली वसाहत लेखिकेला दाखवायची आहे हे खरे. परंतु दाखवताना वाचकाचेही मन तशाच रीतीने जिंकले जाते, आणि पुस्तक मिटल्यावर आपल्याला ल्सेलची नव्हे, राजधानीची ओढ लागलेली असते. हा कादंबरीचा दोष मानावा की तिचे सर्वांत मोठे यश, याविषयी माझे मत पक्के झालेले नाही. तौलनिक साहित्याच्या वर्गात ही कादंबरी चर्चेला घेतली, तेव्हा निरनिराळ्या मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांनी तिच्याविषयीची मते इंग्रजीतूनच मांडली. त्यातील विसंगती एका विद्यार्थिनीने हसत हसत लक्षात आणून दिली आणि मग थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

मराठीत या कादंबरीच्या भाषांतराचा विचार केला, तर अडचण नेमकी या जागीच येते. ‘नाइन्टीन अॅड्झ’चे ‘एकोणीस वाकस’ करता येते, आणि ते कानाला वाईटही लागत नाही. पण इंग्रजी कादंबरीत तेश्कलानी कविता इंग्रजीत आहे. म्हणजे मूळ वाचकासाठी साम्राज्याची भाषा ही त्याची स्वतःचीच भाषा आहे. मराठी अनुवादात साम्राज्याची भाषा मराठी होईल. मग माहितची परकेपणाची ठेच मराठी वाचकाला लागावी कशी? पेशवे दफ्तरातील मोडी पत्रांचा फार्सीमिश्रित थाट दरबारी संवादांना द्यावा आणि ल्सेलच्या माणसांना साधे बोलू द्यावे, असा एक मार्ग सुचतो. त्या पत्रांत ‘राजकारण’ हा शब्द एकेका सुट्या व्यवहारासाठी येतो, म्हणून त्याचे अनेकवचनही होते; पारसनिसांनी संपादिलेल्या ग्रंथाचे नावच ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणें’ असे आहे. तेश्कलानच्या दरबारात जे चालते त्याला हा अनेकवचनी शब्द इंग्रजी ‘पॉलिटिक्स’पेक्षा नेमका बसतो. मात्र त्या भाषेवर मोहित झालेली आणि तिच्यात परकी असलेली वकील मराठीच्या कोणत्या स्तरावरून बोलेल, हे अनुवादकाला ठरवावे लागेल.

कादंबरीच्या अखेरीस नवी सम्राज्ञी माहितला हवे ते देऊ करते. तिने लहानपणापासून जे स्वप्न पाहिले, ते राजधानीत राहणे आता तिच्या हाताशी आहे. थ्री सीग्रासशी जुळलेला स्नेहही तेथेच आहे. माहित परत जाण्याची परवानगी मागते. ज्या ल्सेलवर ती परत जाते, तेथे तिचे यंत्र बिघडवणारी सभासद अद्याप आपल्या पदावर आहे. आणि माहितच्या मस्तकात आता इस्कांद्रच्या दोन प्रती आहेत. एक तरुण, जो राजधानीवर नुकताच भाळू लागला होता. दुसरा वृद्ध, जो त्या भाळण्यापायी मेला. घरी परतल्यावर त्या दोघांशी ती कोणत्या भाषेत बोलणार, हे लेखिकेने सांगितलेले नाही.